पॉप टेटच्या काउंटरमागे

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल, कार्डं, नोटा, काहीही तिकडे चालणार नाही. पाच सेंटची चार-पाच नाणी तेवढी घ्या आणि ती जुनीच असू द्या, एका बाजूला अमेरिकन आदिवासीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला गवा असलेली. जेफरसनच्या चेहऱ्याचं नवं नाणं याच आठवड्यात निघालंय. ते दिलंत तर दुकानदार उलटसुलट करून बघत बसेल, शेजारच्याला दाखवेल आणि मागची पोरं बोंब मारतील. कानटोपी असेल तर घाला, नदीवरून वारा सुटलाय.

झालं? चला.

तुम्ही हेव्हरिलमध्ये उभे आहात. अमेरिकेतलं मासॅचुसेट्स राज्य, मेरिमॅक नदीचा काठ, १९३८ सालचा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शुक्रवार. दुपारचे दोन वाजून गेलेत, आभाळ भरून आलंय, अंगावर झिमझिम पडतेय. पहिल्यांदा नाकात शिरतो तो चामड्याचा वास. हे जोड्यांचं गाव आहे. विटांच्या उंच कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे बूट आणि सपाता शिवल्या गेल्यात. एखाद्या कारखान्याचं दार उघडलं की कमावलेलं चामडं, रंग आणि चिकटवायच्या रसायनाचा दर्प भसकन रस्त्यावर येतो, त्यात कोळशाचा धूर मिसळतो. समोरून दोन कामगार येताहेत, बोटांच्या पेरांत काळा रंग मुरलेला. त्यांना वाट द्या. पदपथ अरुंद आहे आणि त्यांना घरी जायची घाई आहे.

तुम्हाला इथं आणायचं कारण आर्ची. तोच तो लाल केसांचा, गालांवर ठिपके असलेला आर्ची अँड्र्यूज. स्टेशनावरच्या पुस्तकांच्या दुकानातून किंवा गल्लीतल्या वाचनालयातून आणून आपल्यातल्या कितीजणांनी तो वाचला. त्याचं रिव्हरडेल गाव नकाशात सापडत नाही, पण त्याला आकार देणारा चित्रकार बॉब मोंटाना हा १९३६ ते १९३९ या काळात इथल्या हायस्कुलात शिकत होता. शाळेपुढे रोदँच्या ‘द थिंकर’ची प्रतिकृती आहे, हनुवटीला हात लावून बसलेला तो विचारमग्न माणूस. जुन्या आर्चीकथांत तोही येऊन गेलाय. आणि पॉप टेटचं दुकान, जिथे ही सगळी टोळी शाळा सुटली की पडीक असते, तेही इथूनच गेलं. मेरिमॅक स्ट्रीटवरची ‘क्राउन कन्फेक्शनरी’ आणि ‘चॉकलेट शॉप’, विंटर स्ट्रीटवरचं ‘टस्करोरा’ अशी नावं त्यासाठी घेतली जातात. मी तुम्हाला यातल्या कुठल्या एका दुकानात नेत नाही. अमेरिकेतल्या गावोगावी अशी दुकानं होती, पुष्कळशी ग्रीसहून आलेल्या कुटुंबांनी चालवलेली. त्यांतल्याच एकात, दर्शनी काचेत चॉकलेटांच्या पेट्या मांडलेल्या दिसताहेत ना, त्यात शिरू.

दार जड आहे, खांदा लावा. वर घंटी वाजते आणि गरम हवेचा लोट तोंडावर येतो. चष्मा असेल तर काच लगेच धूसर झाली असेल, पुसत बसू नका, आधी वास घ्या. सगळ्यात वर व्हॅनिला. त्याच्या खाली आटत आलेलं चॉकलेट, मग कॉफी, मग भाजल्यासारखा माल्टचा वास. पायाशी ओल्या लोकरीचा आणि भुशाचा, कारण बाहेरचा चिखल टिपायला दारापाशी लाकडाचा भुसा टाकलाय. भिंतीलगतच्या वाफेच्या रेडिएटरवर कुणाचे तरी हातमोजे वाळत घातलेत, त्यांचाही वास या सगळ्यात आहे.

डाव्या हाताला काचेची कपाटं. त्यांत ज्येष्ठमधाच्या काळ्या काड्या, पेपरमिंट, नेको वेफर्सच्या गुंडाळ्या, एका सेंटला मूठभर मिळणाऱ्या रंगीत गोळ्या. त्या काचेवर बालबोटांचे ठसे बघा किती आहेत. उजवीकडे संगमरवरी काउंटर, पार आतपर्यंत. पुढे फिरती स्टुलं, जमिनीत बोल्टनं घट्ट बसवलेली. मागे भिंतभर आरसा. बसा एका स्टुलावर. फिरून बघा, सगळेच फिरतात. मात्र हात काउंटरच्या खालच्या बाजूला लावू नका, तिथं कित्येक वर्षांचं च्युइंगगम चिकटलेलं आहे.

दगड थंड लागतोय ना? कोपर टेकवा आणि समोरच्या पोऱ्याकडे बघत राहा. पांढरा एप्रन, पांढरी टोपी, गळ्याला बो. वय विसाच्या आतबाहेर. याचे हात हे इथलं खरं नाटक आहे.

तुमच्या शेजारच्या बाईंनी चॉकलेट आइस्क्रीम सोडा मागवलाय. पोऱ्या उंच काचेचा ग्लास उचलतो आणि सिरपच्या पंपावर तळवा दोनदा दाबतो, घरात आटवलेलं दाट चॉकलेट बुडाशी बसतं. त्यात थोडी साय, थोडं आइस्क्रीम, आणि लांब चमच्यानं ते तिथंच फेटून घेतो. मग ग्लास नळाखाली. वाकड्या मानेचा, चकचकीत निकेलचा हा नळ दोन तऱ्हांनी चालतो. मूठ एका बाजूला ढकलली की सोड्याची जाड, संथ धार येते आणि ग्लास भरतो. आता आइस्क्रीमचा गोळा. तो पाण्यात बुडवलेल्या डावानं काढतो आणि ग्लासच्या काठावर अडकवतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. मग मूठ दुसऱ्या बाजूला. सुईसारखी बारीक धार सूंऽऽ करत सुटते, सिरपला जाऊन भिडते आणि सगळं ढवळून वर फेस उचलते. फेस काठाच्या वर येतो, थरथरतो, सांडत नाही. मेणाच्या कागदाची नळी, लांब चमचा, आणि ग्लास संगमरवरावरून घसरत बाईंच्या पुढ्यात थांबतो. एवढं सगळं होईपर्यंत तुम्हाला नाक पुसायलाही वेळ मिळाला नसता.

आता तुमची ऑर्डर. इथं एक सांभाळा. या भागात मिल्कशेक मागितलात तर दूध आणि सिरप घुसळून देतील, आइस्क्रीम नसलेलं. आइस्क्रीम हवं असेल तर ‘फ्रॅप’ म्हणायचं. माल्ट घातलेला मागा. काउंटरवरच्या हिरव्या मोटारीच्या यंत्रात धातूचा पेला अडकवला जातो, ते घरघरू लागतं आणि माल्टेड दुधाची पूड उडून तुमच्या नाकापर्यंत येते. ओळखीचा वाटला ना वास? हॉर्लिक्स. विल्यम आणि जेम्स हॉर्लिक हे दोघे भाऊ इंग्लंडहून विस्कॉन्सिनमधल्या रेसीन गावी आले आणि तिथं त्यांनी हे माल्टेड मिल्क सुरू केलं. आपल्याकडे ताप उतरल्यावर, बिछान्यात उशीला टेकून, फुंकर घालत प्यायची ती वस्तू. इथं ती चंगळ आहे. शिकागोतल्या एका वॉलग्रीन दुकानात १९२२ साली आयव्हर कोल्सन नावाच्या काउंटरवाल्यानं त्यात आइस्क्रीमचे गोळे टाकले आणि पुढे देशभर पोरं त्यावर तुटून पडली. त्या कोल्सनलाही लोक ‘पॉप’ म्हणत. दुकानातल्या वडीलधाऱ्या माणसाला पॉप म्हणायची इथली रीतच आहे.

पेल्यात उरलेलं मिश्रणही तुमच्यासमोर ठेवतील, ते तुमचंच. ग्लास संपला की ओतून घ्या. लाजू नका.

गोड नको असेल तर मॉक्सी मागून बघा, पण एक घोट घेऊन ठरवा. ही याच नदीकाठच्या, थोडं वर असलेल्या लोवेल गावात जन्मलेली बाटली आहे आणि तिच्यात जेन्शियनचं मूळ असतं. आपलं काडेचिराईत त्याच वनस्पतीच्या कुळातलं. पहिल्यांदा गोड, मग जिभेच्या मुळाशी लख्ख कडू. इथले म्हातारे ती चवीनं पितात. मला विचाराल तर तुम्ही फ्रॅपच घ्या.

घड्याळाकडे बघा. आता स्टूल घट्ट धरा, कारण शाळा सुटलीय.

दार उघडतं आणि उघडंच राहतं. घंटीला दम खायला वेळ नाही. गार वारा, ओले कोट, पुस्तकांचे पट्ट्यानं बांधलेले गठ्ठे काउंटरवर धप्पकन आदळतात. पोरांच्या स्वेटरांवर शाळेचं अक्षर शिवलेलं. पोरींच्या पायांत काळ्या-पांढऱ्या जोड्या, त्यांवर दुमडलेले मोजे. पुढच्या गुरुवारी फुटबॉलचा सामना आहे, त्यामुळे प्रत्येकाकडे मत आहे आणि ते ओरडूनच सांगायचं आहे. तुमच्या पाठीवर कुणाची तरी कोपरं, मानेवर कुणाच्या तरी टोपीचं थंड पाणी. उंच पाठीच्या लाकडी बाकांवर चौघांच्या जागी सहाजण बसलेत, सातवा हातावर टेकून उभा आहे. कुणीतरी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकतं. आत एक यांत्रिक हात काळी तबकडी उचलतो, ठेवतो, सुई खरखरते आणि पितळी वाद्यांचा असा काही दणका उठतो की काउंटरवरचे चमचे किणकिणतात.

या गोंगाटात पोऱ्या आणि त्याचा जोडीदार एकमेकांना ऑर्डरी ओरडून सांगतात, त्यांच्या सांकेतिक भाषेत. ‘शूट वन!’ म्हणजे एक कोकाकोला. ‘अ‍ॅडम्स एल’ म्हणजे साधं पाणी, पैसे न देणाऱ्याचं पेय. ‘एटीसेव्हन अँड अ हाफ’ ऐकू आलं तर काही मागवलेलं नाही, दारातून सुंदर मुलगी आत आलीय. बघा, दोघांचीही मान एकदम वळली. आणि ‘नाइंटीफाइव्ह’ म्हणजे पळतोय, पैसे न देता चाललाय, धरा त्याला. दुकानागणिक हे शब्द बदलतात, पण काउंटरमागची पोरं महिन्याभरात शिकतात आणि जन्मभर विसरत नाहीत.

आर्चीच्या गोष्टी ज्यांनी पोटभर वाचल्या त्यांना इथं गंमत वाटेल. हा ऐटबाज केस बसवून आलेला, आरशात स्वतःलाच बघणारा, हा रेजी नाही तर कोण? तो डोळे मिटून चमचा चाटणारा, ज्याच्यापुढे तीन रिकाम्या ताटल्या आहेत, त्याला जगहेड म्हणून हाक मारावीशी वाटते. मारू नका. ही नावं जन्माला यायला अजून तीन वर्षं आहेत. डिसेंबर १९४१च्या ‘पेप कॉमिक्स’च्या २२व्या अंकात आर्ची पहिल्यांदा येईल, जगहेड आणि बेटीला बरोबर घेऊन. व्हेरॉनिका पुढच्या वर्षी. इथं दाराजवळच्या तारेच्या घडवंचीत दहा सेंटची कॉमिक्स अडकवलेली आहेत, ६४ पानांची, स्वस्त कागदाची, बोटांना शाई लागणारी. सुपरमॅन याच वर्षी आलाय. ते चाळून बघा, विकत न घेता किती पानं होतात ते दुकानदाराच्या भुवईवर अवलंबून. कोपऱ्यातल्या बाकावर एखादा अठरा वर्षांचा पोरगा शेजारणीचं नाक कागदावर उतरवताना दिसला, तर पुढून जाताना त्याचा उजेड अडवू नका.

पण मी तुम्हाला इथं पोरांसाठी आणलेलं नाही. पोरं कॉमिक्समध्ये आहेतच, पानोपानी. चित्राच्या चौकटीत पॉप टेट बहुधा कमरेपासून वर दिसतो. एप्रन, पोट, हातात फडकं, कपाळावर आठी. काउंटरच्या खाली काय आहे, मागच्या दारापलीकडे काय आहे, हे तिथं फारसं कुणी दाखवत नाही. ग्लास तसाच राहू द्या आणि या, मागे चला. दुकानाचे मालक, ते एप्रनवाले काका, हो म्हणालेत. त्यांना माणूस मागे आलेला आवडतो.

इथं एकदम उन्हाळा आहे. तांब्याची मोठी कढई, तिच्याखाली गॅसचा निळा जाळ, आणि कढईत साखरेचा पाक. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, हे सगळे टप्पे मागे टाकून पाक आता १५० अंशांच्या आसपास पोचलाय. काकांनी काठीनं थेंब उचलून गार पाण्यात टाकला, तो कडकन मोडला. आता घाई. दोघेजण कढई उचलतात आणि तेल लावलेल्या संगमरवरी ओट्यावर पाक ओततात. वाफेनं डोळे चुरचुरतात. कडा आवळू लागल्या की त्या पात्यानं उलटून आत घ्यायच्या, पुन्हा उलटायच्या, पेपरमिंटचं तेल टाकायचं. तेल पडलं आणि सगळ्यांच्या नाकपुड्या एकदम मोकळ्या झाल्या, तुमच्याही. मग हा गरम, पिवळसर गोळा उचलून भिंतीतल्या लोखंडी आकड्यावर फेकायचा आणि ओढायचा. पुन्हा दुमडून फेकायचा, पुन्हा ओढायचा. आपल्याकडे रेवडी करणारे खिळ्यावर पाक ओढून पांढरा करतात, त्याच जातीचं हे काम. हवा शिरत जाते, पिवळा रंग जातो आणि रेशमासारखी पांढरी लकाकी येते. काकांच्या तळहाताकडे बघा. फोड येऊन गेलेले, कातडी जाड झालेली, आणि तरीही ओढताना ते ओठ मिटून घेतात.

त्या पांढऱ्या गोळ्यावर लाल पट्ट्या बसवल्या, तो लांबवला, पातळ फीत काढली आणि थंड व्हायच्या आत बोटांवर नागमोडी दुमडली की झाली रिबन कँडी. नाताळसाठी न्यू इंग्लंडमधल्या घरोघरी ती लागते. महिनाभर हे रोज चालायचं. एक तुकडा तोंडात टाका. कडा धारदार आहेत, जीभ सांभाळा.

आता खाली वाकून काउंटरच्या पोटात बघा. बर्फ, सिरपचे मातीचे गडू. त्या आंब्याएवढ्या ढेपी बटरच्या नव्हेत, ते साबण आहेत, ग्लास धुण्याचे. दोन हौद, एकात कढत पाणी, एकात गार. शाळा सुटल्यापासून तिथली एक मुलगी मान वर न करता ग्लास ब्रशवर फिरवतेय. तिच्या बोटांना भेगा पडल्यात. तळघरात लोखंडी सिलिंडरातला वायू पाण्यात कोंबणारं यंत्र धडधडतंय, तिथूनच तो सूंऽऽ करणारा सोडा येतो. ते बंद पडलं तर शुक्रवारची दुपार बुडाली. काका पहाटे येऊन आधी त्याला हात लावून बघतात.

आणि गल्ला? कोकाकोला पाच सेंटला. पाच सेंटवर दोघं बसलेत तो कोपऱ्यातला बाक बघा, एक ग्लास, दोन नळ्या, आणि बर्फ विरघळून तासभर झालाय. तो बाक त्यांच्याकडून काढून घेतला तर तिथं चार आइस्क्रीम सोडे विकले जातील, साठ सेंट येतील. काका तिकडे बघतात, फडकं खांद्यावर टाकतात आणि दुसरीकडे वळतात. मला हा माणूस फार मोठा वाटतो. कारखान्यांत काम कमी झालंय, घरं लहान आहेत, बाहेर थंडी आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना आईवडिलांच्या नजरेपासून लांब, पण कुणातरी मोठ्याच्या नजरेखाली बसायला गावात दुसरी जागा कुठली आहे? काकांनी ती देऊ केली आणि तिचं भाडं स्वतःच्या कमाईतून भरलं. कॉमिक्समध्ये जगहेडची उधारी वाढत जाते, पॉप टेट कपाळाला हात लावतो, आरडाओरडा करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे पुन्हा बर्गर ठेवतो. वाचताना आपण हसतो. बॉब मोंटानानं पुढे १९४६ पासून रोजच्या वर्तमानपत्रातली आर्चीची चित्रपट्टी १९७५ साली मरेपर्यंत काढली, आणि त्या सगळ्या वर्षांत या दुकानाला टाळं लागू दिलं नाही. त्याला इथल्या काउंटरवरचं काय लक्षात राहिलं, ते मला त्यात दिसतं.

गल्ल्याशेजारी खिळ्याला एक वही लटकलीय. तिच्यात नावं आहेत, पुढे दहा सेंट, पंधरा सेंट, काही नावांपुढे लांबलचक बेरीज. वाचू नका, ती पोरं अजून इथंच बसलीत.

या, बाहेर या, तुमचा फ्रॅप पातळ होतोय. संपवा. तळाशी माल्टचा दाट चोथा उरलाय तो नळीनं येणार नाही, चमचा घ्या. आवाज झाला तर होऊ द्या, इथं सगळेच करतात. झाले तुमचे पंधरा सेंट, तीन नाणी संगमरवरावर ठेवा. आणखी एक त्या मान खाली घालून ग्लास धुणाऱ्या मुलीसाठी, हौदाच्या कडेला, तिला दिसेल असं. काका नाणी ओढून घेतात, गल्ल्याची घंटी वाजते, आणि ते तुमच्या डोक्यावरून मागे बघत ओरडतात, “पुढचे कोण?” उठा आता. तुमच्या स्टुलावर एका पोरीनं आधीच पुस्तकं ठेवलीत आणि तिच्या मैत्रिणी फुटबॉलच्या संघातल्या कुणाबद्दल तरी इतक्या जोरात बोलताहेत की त्या पोराला ऐकू जाणार हे नक्की.